बोलावून न येणाऱ्या मांजराला कसलं घर हवं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इमारतीमागच्या पडीक जागेत एक करडी मांजरी दीड वर्षापासून राहते. विचारणाऱ्या ताई रोज संध्याकाळी तिला खायला ठेवतात, पण ती दहा पावलांच्या आत कधी आलेली नाही. हात पुढे केला की फिस्कारते आणि पत्र्यांच्या ढिगाखाली शिरते. डाव्या कानाचं टोक "कुठल्यातरी भांडणात गेलेलं" आहे. तीन महिन्यांनी त्या जागेवर बांधकाम सुरू होणार. तिला प्रेमळ घर कुठे मिळेल आणि तिथे ती किती दिवसांत माणसाळेल, असं ताईंनी विचारलंय.

ताई, आधी तिचा कान नीट बघा. लांबूनच, मोबाइलचा झूम लावून. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो. कुठे खाच, कुठे सुरकुती, कडेला केस गेलेला डाग. पण टोक कात्रीने कापल्यासारखं सरळ गेलं असेल, वरचा सेंटिमीटरभर भागच नसेल, तर ती नसबंदीची खूण आहे. मांजर भुलीखाली असतानाच तेवढं टोक काढून टाकतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा सापळ्यात आलं तर लांबूनच कळतं आणि त्याला उगाच दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागत नाही. बऱ्याच ठिकाणी ही खूण डाव्याच कानावर करतात. तसं असेल तर तुमचं निम्मं काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय आणि तो माणूस बहुधा अजून आसपास आहे. मांजरी बशीतलं अर्धं टाकून आरामात निघून जात असेल तर तिचं दुसरं जेवण कुठेतरी चालू आहे असं समजा. पत्र्यांजवळ एक चिठ्ठी चिकटवा, "हिला तुम्हीही खायला घालता का?" मी एकदा अशी चिठ्ठी लावली तर एका बोक्याचे चार अन्नदाते निघाले. चौघांनी त्याची चार नावं ठेवलेली, आणि बिचाऱ्याला आपल्याशिवाय कुणी नाही अशी चौघांचीही खात्री.

आता "माणसाळेल का" हा मुद्दा. इथे शब्दाचाच घोळ होतो. अशा मांजराला लोक सरसकट रानमांजर म्हणतात. रानमांजर ही वेगळी जात आहे. उंच पाय, आखूड आणि वळी असलेली शेपटी, कानाच्या टोकावर केसांचा बारीक झुबका. तो वन्यप्राणी, त्याला घर शोधायच्या भानगडीत पडायचंच नाही. तुमची करडी जातीनं घरमांजरच आहे, फक्त माणसाळलेली नाही. धान्याच्या साठ्यांमागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरं आली, त्याला साधारण १०,००० वर्षं झाली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. शेजार इतका जुना, तरी माणसावरचा विश्वास मांजर जन्मतः पुरता घेऊन येत नाही. बापाचा धीटपणा पिल्लात थोडा उतरतो हे खरं, पण बाकी सगळं प्रत्येक पिल्लाला नव्यानं शिकावं लागतं, आणि शिकायची मुदत फार छोटी असते. दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या आठवड्यापर्यंत. त्या पाच आठवड्यांत माणसाचे हात अंगावरून फिरले, आवाज कानावर पडले, तर माणूस हा जगातल्या नेहमीच्या गोष्टींपैकी एक होतो. नाही फिरले, तर माणूस म्हणजे आपल्याला खाऊ शकेल असा एक मोठा प्राणी. हे मत पुढे प्रेमानं बदलता येतं असं लोकांना वाटतं. बऱ्याचदा येत नाही, आणि त्यात तुमचं किंवा तिचं काही चुकलेलं नसतं.

मात्र ती खरंच न माणसाळलेली आहे की कुणाचं घर सुटलेली, हे आधी पक्कं करायला हवं. घर सुटलेलं मांजरही चार महिने उपाशीतापाशी राहिलं की तितकंच घाबरट दिसतं. मी शेपटी बघतो. ओळखीच्या वेळेला, ओळखीच्या माणसाला बघून शेपूट उभी झाली, क्षणभर जरी, तर आत कुठेतरी माणसाची आठवण आहे. म्याव केलं तरी तसंच. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत, ती भाषा ती आपल्यासाठी राखून ठेवतात. उलट एक गोष्ट लोकांना फसवते. माणसांपासून लांब वाढलेलं मांजर बऱ्याचदा चांगलं चाटूनपुसून ठेवलेलं, तुळतुळीत असतं, आणि हरवलेलं मांजर मळकट, गुंता झालेलं. म्हणजे केविलवाणं दिसतं ते रानटी, असं नाही.

सापळ्यातल्या वागण्यावरून तर काहीच ठरवू नका. एक पांढरा बोका मी पकडला होता. झडप पडल्याबरोबर त्यानं जाळीवर असं थोबाड आपटलं की नाकावरचं कातडं गेलं. दोन दिवस तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ लावून बसला आणि पाणी ठेवायला गेलं तरी पंजा मारायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजऱ्याकडे पाठ करून जमीन झाडत होतो, तर मागून जाळीचा बारीक आवाज आला. बघतो तर हा गाल जाळीवर घासतोय. मानेवरून, कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप वाचायचं यंत्र फिरवलं आणि पंधरा आकडी नंबर उमटला. कुणाचा तरी होता तो. म्हणून कुठलंही मांजर हातात आलं की आधी चिप तपासायची आणि मगच घराची चर्चा. तुमच्या मांजरीनं दीड वर्षात एकदाही शेपूट उभी केली नसेल, आवाज केला नसेल, तर माझा अंदाज ती जन्मापासूनच बाहेरची आहे असा राहील.

तिच्याबरोबर पिल्लं असती तर मी वेगळं लिहिलं असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू काही दिवसांत मांडीवर येतं. चार महिन्यांचं असेल तर आठवडे, कधी महिने लागतात आणि निकालाची हमी नसते. त्यापुढे मी स्वतः आग्रह धरत नाही. वय ओळखायला डोळे आणि दात पुरतात. निळे डोळे सहा-सात आठवड्यांपर्यंत रंग बदलू लागतात आणि पुढचे पक्के दात साधारण चार महिन्यांचं होताना येतात.

तर मग मोठ्या, न माणसाळलेल्या मांजरीसाठी "घर" म्हणजे काय? मांजर पिल्लांना घेऊन सात घरं फिरतं असं आपण म्हणतो. त्या सात ठिकाणी ती काय बघत असते याचा विचार करा. मागून कुणी येणार नाही अशी जागा आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, खाणं जवळ आहे का, आवाज किती आहे. सोफा, पंखा, प्रेमळ माणूस हे तिच्या यादीत नसतं. तुम्ही तिच्यासाठी शोधताय ते आठवं घर आहे आणि तेही तिच्याच कसोटीवर उतरायला हवं. हे मनाला पटलं की शोध सोपा होतो, कारण मग तुम्ही चुकीच्या माणसांना विचारणं बंद करता.

सगळ्यात चांगलं घर बहुतेक वेळा ती आत्ता आहे तेच असतं. तिथली लपायची भोकं, वाटा, इतर मांजरांच्या हद्दी तिला तोंडपाठ आहेत. म्हणूनच नसबंदी करून जिथल्या तिथे सोडणं ही पद्धत रूढ झाली. तुमच्याकडे बांधकामाची अडचण आहे, पण तीन महिने हाताशी आहेत, आणि मी तुमच्या जागी असतो तर आधी बशी सरकवून बघितली असती. दर दोन-तीन दिवसांनी पाच-सहा फूट, कुंपणाच्या पलीकडच्या शांत बाजूला. मांजरी बशीमागे येते. नव्या जागी आधीच एक आडोसा करून ठेवायचा. झाकणाचा खोका, आत जायला साधारण १५ सेंटिमीटरचं भोक, आणि आत वाळलेला पेंढा. गोधडी किंवा टॉवेल घालू नका. कापड ओल धरतं, पेंढा धरत नाही. काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी ती पलीकडे झोपायला लागली तर तुमचा प्रश्न तिथेच मिटला. मशिनं येण्याच्या आदल्या दिवशी पत्र्यांचा ढीग हातानं, एका बाजूनं, सावकाश उचलायला लावा, म्हणजे खाली जे कुणी असेल त्याला दुसऱ्या बाजूनं पळता येईल.

कुंपणापलीकडे जागाच नसेल, रहदारीचा रस्ता असेल, कुणी विष घालायची धमकी दिली असेल, तर मात्र तिला हलवावं लागेल. अशा मांजरांना चांगली मानवणारी ठिकाणं मला माहीत आहेत ती म्हणजे घोड्यांचे तबेले, गुरांचे गोठे, रोपवाटिका, धान्याची गोदामं, एखादी मोठी कार्यशाळा, शेतघर. छप्पर आहे, आडोसे भरपूर आहेत, माणूस रोज येतो पण त्याला मांजराकडे बघायला वेळ नाही. हा शेवटचा गुण फार मोलाचा.

माणूस निवडताना मी एकच गोष्ट आधी सांगतो, "तुम्ही हिला कधीही हात लावू शकणार नाही." मग गप्प बसतो. समोरचा म्हणाला, "चालेल, दिसली तरी पुरे," तर पुढे बोलायचं. तो हसून म्हणाला, "अहो, माझ्याकडे सगळी मांजरं येतात, बघा महिन्याभरात मांडीवर झोपेल," तर मी चहा पिऊन निघतो. अशी माणसं वाईट नसतात. त्यांना मांजर आवडतं म्हणूनच ती या मांजराला त्रास देतात. दोन महिन्यांनी मांडी रिकामीच राहिली की त्यांचा हिरमोड होतो, आणि हिरमोड झालेल्या माणसाच्या घरचं मांजर हळूहळू दुर्लक्षित होतं.

दुसरा नकार मी देतो तो "उंदीर खाऊन जगेल, खायला कशाला घालायचं?" म्हणणाऱ्याला. पोट भरलेलं मांजरही उंदीर मारतं. उपाशी मांजर उंदरांपाठोपाठ दुसरीकडे जातं, एवढाच फरक. शिवाय त्याच माणसाकडे कोपऱ्यात उंदराचं विष ठेवलेलं असायची शक्यता मोठी. ब्रोडिफॅकम, ब्रोमॅडिओलोनसारखी विषं रक्त गोठू देत नाहीत. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त होऊन हिंडतो, आणि तोच मांजराच्या तोंडी लागतो. विष आणि मांजर एका जागेत नको, यावर मी तडजोड करत नाही. तिथे कुत्रा असेल तर तो मांजराच्या मागे धावतो का, हे मालकाला विचारून भागत नाही. सगळे मालक "काही करत नाही हो" असंच म्हणतात. जाऊन बघायचं. आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा शेजारी असेल तर तिथे मांजर सोडू नये. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाबरोबर मांजरं पोचली आणि न उडणारा एक छोटा पक्षी थोड्याच काळात कायमचा संपला. सगळा दोष एकट्या दीपगृहवाल्याच्या मांजरीवर टाकतात ती दंतकथा, पण पक्षी गेला तो गेलाच.

पकडण्याबद्दल फार लिहीत नाही, ते शिकायचं असेल तर एकदा कुणाबरोबर जावं. चार-पाच दिवस सापळ्याचं दार बांधून उघडं ठेवायचं आणि तिचं रोजचं खाणं आतच द्यायचं. मग एक दिवस खाणं बंद, पाणी चालू, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नेहमीच्या वेळेला दाराची दोरी सोडून वासाचं काहीतरी अगदी मागच्या टोकाला. त्याआधी तिचं पोट नीट बघा. स्तन गुलाबी, ओढलेले आणि भोवतालचे केस गेलेले असतील तर कुठेतरी पिल्लं आहेत, आणि आई पकडली की ती उपाशी मरतील. दार पडलं की पहिलं काम सापळ्यावर जाड चादर टाकणं. जाळीवर धडका देणारं मांजर अंधार झाला की बहुतेक वेळा मिनिटभरात थांबतं. तिथून पुढे तिला हातानं कुठेही हलवायचं नाही. हातमोजे असले तरीही नाही. मांजराचे दात सुईसारखे, जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि जंतू खोलवर जातात. चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रेबीजची लस वेळेत घेतली तर वाचवते. लक्षणं दिसू लागल्यावर काही हातात राहत नाही.

पशुवैद्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मांजर न माणसाळलेलं आहे, म्हणजे ते सापळ्यातूनच भुलीचं इंजेक्शन द्यायची तयारी ठेवतील. भूल एकदाच मिळणार, त्यामुळे त्यात जेवढं बसेल तेवढं बसवायचं. नसबंदी झालेली नसेल तर ती, चिप, रेबीजची लस, पॅनल्युकोपेनिया-हर्पीस-कॅलिसी या मांजरांच्या तीन विषाणूंवरची एकत्र लस, जंत, पिसवा, आणि एफआयव्ही (मांजरांची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) व एफईएलव्ही (मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू) यांची रक्ततपासणी. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो आणि तो असलेली मांजरं वर्षानुवर्षं धडधाकट जगताना मी पाहिली आहेत. एफईएलव्ही जास्त त्रासदायक, लाळेतून पसरतो. या निकालावर घर ठरतं. एफईएलव्ही असलेली मांजरी दुसऱ्या मांजरांच्या घोळक्यात पाठवायची नाही. एक इशारा, कारण हे पुन्हा पुन्हा घडतं. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध मांजरावर चुकूनही घालू नका, त्यानं मांजर मरतं. तापावरची आपली पॅरासिटामॉलही तितकीच घातक.

आता खरा भाग. नव्या जागी नेऊन सोडून देणं म्हणजे घर देणं नाही. तसं सोडलेलं मांजर पहिल्या रात्रीच जुन्या जागेच्या दिशेनं चालायला लागतं, आणि मधे रस्ते असतात. तिला त्या जागेत तीन आठवडे बंद ठेवावं लागतं. एखादी रिकामी खोली असेल तर उत्तम, नाहीतर मोठ्या कुत्र्यासाठीचा पिंजरा, शेडच्या आत, भिंतीला टेकवून, तीन बाजूंनी झाकलेला. आत एका टोकाला भोक पाडलेला खोका, दुसऱ्या टोकाला शीचं तबक, मधे पाणी आणि बशी. तबकात नुसती विकतची वाळू घालू नका. तिला ती ओळखीची नाही. जुन्या जागेची दोन मुठी माती आणून मिसळा. खोका हा लाड नाही. नेदरलँडमधल्या एका प्राणी-आश्रयगृहात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लपायला खोका मिळालेली मांजरं न मिळालेल्यांपेक्षा काही दिवसांतच लवकर सावरलेली दिसली. ज्याला लपता येतं त्याला डोकावूनही बघता येतं.

पहिल्या तीन रात्री भयंकर असतात. पाणी उलथलेलं, तबकातली माती सगळीकडे, बशी उपडी. आणि मांजरी चक्क शीच्या तबकात अंगाचं मुटकुळं करून बसलेली. नवखी माणसं हे बघून रडकुंडीला येतात. तिच्या बाजूनं विचार केला तर त्या सगळ्या पिंजऱ्यात तेवढीच माती ओळखीच्या वासाची असते. साफ करा, खोका तिच्या बाजूला थोडा सरकवा, बाहेर या. बोलायचं असेल तर हळू आवाजात, दुसरीकडे बघत. खाणं ठेवायच्या आधी रोज एकच आवाज करा, बशीवर चमच्याचे तीन ठोके वगैरे. हा आवाज पुढे तुमचा सगळ्यात मोठा आधार होणार आहे. पूर्ण दोन दिवस तिनं काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, वैद्याला फोन करा. उपाशी मांजराच्या, विशेषतः अंगानं भरलेल्या मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि प्रकरण फार लवकर हाताबाहेर जातं.

एका रोपवाटिकेत ठेवलेल्या तिरंगी मांजरीचा नववा दिवस मला चांगला आठवतो. बशी ठेवून मी शेडच्या दाराशी थांबलो होतो, कुंड्या मोजायचं सोंग करत. आठ दिवस ती मी गेल्यावरच खायची. त्या दिवशी चादरीमागून बशी फरशीवर घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मी वळलो नाही. मी तिथे असताना ती खात होती, एवढंच घडलं, आणि त्यावरून ठरवलं की ही जागा हिनं घेतली.

याउलट माझी चूकही सांगतो. एक काळी मांजरी रात्रभर असं ओरडायची की त्या शेताचे मालक मला म्हणाले, "अहो, बघवत नाही, सोडून द्या." सहावा दिवस होता. मलाही बघवत नव्हतं. दार उघडलं. ती बाणासारखी निघाली, बांधावर क्षणभर थांबली, आणि मग कधीच दिसली नाही. चाळीस रात्री तिथे बशी ठेवली आणि चाळीस सकाळी मुंग्या झटकल्या. तेव्हापासून मी घर देणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो की एका रात्री तुम्ही मला फोन करून दार उघडू का विचाराल, आणि मी नाही म्हणेन.

तीन आठवडे झाले की शांत संध्याकाळ निवडा, रोजच्या जेवणाच्या जरा आधी. दार उघडून बांधून ठेवा आणि निघून जा. बघत बसू नका. पिंजरा, खोका, तबक सगळं आणखी दोन आठवडे तिथेच राहू दे. ती बहुधा दोन-चार दिवस दिसणार नाही. घाबरू नका, शोधायला कुणी फिरू नका, नावानं हाका मारू नका. ठरलेल्या वेळेला चमच्याचे तीन ठोके आणि बशी. रात्री फोटो काढणारा कॅमेरा मिळाला तर लावा. दिवसा कुणालाही न दिसणारी मांजरी रात्री अडीच वाजता निवांत मिशा पुसताना सापडते.

घराच्या आत, चार भिंतींत, अशी मांजरी राहू शकते का? क्वचित, आणि योग्य माणसाकडे. एका आजींकडे मी अशी एक दिली, कारण तिचा एक पाय अधू होता आणि बाहेर ती टिकली नसती. चौदा महिने ती पलंगाखाली राहिली. आजी पलंगावर बसून पेपर मोठ्यानं वाचायच्या आणि मांजरीकडे बघायच्या नाहीत. चुकून नजरानजर झालीच तर सावकाश डोळे मिटून उघडायच्या. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. सावकाश डोळे मिटणाऱ्या माणसाला मांजर तसाच प्रतिसाद देतं आणि त्याच्याजवळ यायलाही जास्त तयार असतं, हे इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली तपासून मांडलं. दुसऱ्या वर्षी मांजरी उंबऱ्यावर बसायला लागली. आजींनी तिला आजवर हात लावलेला नाही. "आमचं छान चाललंय," म्हणतात. पण दिवाणखान्यात उघड्या पिंजऱ्यात ठेवून, पोरांना भोवती बसवून "सवय होईल" म्हणणाऱ्यांकडे देऊ नका. पळता येत नाही म्हणून गप्प झालेल्या मांजराला लोक माणसाळलेलं समजतात. ते मांजर हरलेलं असतं.

त्या पडीक जागेत तिच्या अंगाला अंग लावून झोपणारं दुसरं मांजर असेल तर दोघांना एकत्रच हलवा. एकटीपेक्षा जोडी नव्या जागी लवकर रुजते. आणि घर देणाऱ्याकडून एका कागदावर एवढंच लिहून घ्या की नको झाली तर कुणाला देऊ नका, सोडून देऊ नका, मला फोन करा. खाली तुमचा नंबर. चिपच्या नोंदीतही तुमचाच नंबर राहू दे.

जागा सापडली की फोटो पाठवायला हरकत नाही, मी बघून सांगेन. पण घरादाराचा नको. जमिनीपासून फूटभर उंचीवर मोबाइल धरून काढा, तिला जसं दिसेल तसा. त्याआधी मात्र कानाचा.